ओपन माइक आणि आपलं ‘शे’



आजच्या विषयाचं नाव वाचून आमच्याच वयाच्या दोन-तीन मंडळींनी विचारलं, “सर, तत्त्वज्ञान सोडून हे पबमधलं काय काढलंत?” तर हसू हा तत्त्वज्ञानाचा फार जुना विषय आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले. फ्रान्सच्या बर्गसाँने १९०० साली हसण्यावर एक छोटं पुस्तकच लिहिलं. राहता राहिला पब. पबशी आमचा संबंध नाही, पण तिथे माइक हातात घेऊन उभा राहणारा पोरगा शिरपूरचा असतो, पाचोऱ्याचा असतो, साक्रीचा असतो. तो आपला आहे, म्हणून विषयही आपला.

आधी हा प्रकार काय आहे ते थोडक्यात सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं सोसावं. आठवड्यातली एखादी पडेल संध्याकाळ, म्हणजे सोमवार किंवा मंगळवार, जेव्हा पबमध्ये गिऱ्हाईक कमी असतं. मालक एक कोपरा, एक माइक आणि एक दिवा देतो. ज्याला हसवायचं आहे त्याने नाव नोंदवायचं. प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. वेळ संपत आली की मागून मोबाइलचा उजेड दाखवतात, म्हणजे आवरतं घ्या. मानधन बहुतेक ठिकाणी नसतं. समोर बसलेल्यांत निम्मे लोक स्वतःचा नंबर लागायची वाट बघणारे कलाकारच असतात, आणि ते सहसा हसत नाहीत, कारण ते मनात आपलं पाठ करत असतात. (हशा) बाजूला ग्लासांचा आवाज, वेटरची ये-जा, मिक्सरची घरघर. या सगळ्यात पाच मिनिटं एकट्याने उभं राहायचं.

ही पद्धत बाहेरून आली. न्यू यॉर्क, लॉस एंजेलिस, लंडन इथल्या क्लबांत ती १९६० आणि ७० च्या दशकांत रुजली. मुंबईत २०१० साली लंडनच्या ‘कॉमेडी स्टोअर’ची शाखा निघाली, मग पुणे, बंगळुरू. मराठीत २०१६ साली सुरू झालेल्या ‘भारतीय डिजिटल पार्टी’सारख्या मंडळींनी तिला वाट करून दिली. पण एकट्याने उभं राहून लोकांना हसवणं आपल्याला नवीन नाही. पु. ल. देशपांड्यांनी १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली. तमाशातला सोंगाड्या बतावणीत दुसरं काय करतो? गावात आल्यावर कुणाचं काय चाललंय याची कुणकुण काढतो आणि रात्री ते बोर्डावर आणतो. काल जे चाललं नाही ते आज बदलतो. कच्चा माल लोकांसमोर आणून पक्का करायचा, हीच ओपन माइकची रीत. तेव्हा प्रकाराला आमची हरकत नाही. उलट, हा प्रकार तरुणांना पडायची मुभा देतो, ते आम्हाला फार आवडतं.

मग टीका कशावर? आता मुद्द्यावर येतो.

पुण्याला मुलांकडे जाणं होतं तेव्हा आम्ही अशा कार्यक्रमांना मागच्या खुर्चीवर लिंबूसोडा घेऊन बसतो. खानदेशातली पोरं पुण्यात भरपूर आहेत. कुणी शिकायला आलेला, कुणी चाकण-पिंपरीच्या कारखान्यात लागलेला. जळगाव-धुळ्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्स भरून जातात त्या याच पोरांनी. त्यातला एखादा माइकवर येतो आणि म्हणतो, “मी जळगावचा.” इथे थोडं हसू येतं. मग म्हणतो, “आमच्याकडे ना, असं विचारतात : कथा जाई राहिना भो?” आणि मोठा हशा.

आम्ही त्या क्षणी स्वतःला विचारतो, या वाक्यात विनोद कुठे आहे? ‘कुठे चाललास भाऊ?’ एवढाच त्याचा अर्थ. हेच वाक्य धुळ्यात म्हणून बघा. कुणीतरी उठून सरळ उत्तर देईल, “बस स्टँडले.” (हशा) धुळ्यात तो प्रश्न आहे, पुण्यात तो विनोद आहे. वाक्य तेच, माणूस तोच. बदलली ती खोली.

इथे आम्हाला अभिनवगुप्त आठवतात. त्यांचं म्हणणं असं, की हास्याच्या मुळाशी अनौचित्य असतं. जे जिथे, जसं, ज्याने करायला नको, ते तिथे तसं त्याने केलं की हसू येतं. भरतमुनींनीही सांगितलंय, की जो वेश त्या देशाचा नाही तो शोभत नाही. कमरेचा पट्टा छातीवर बांधला तर हसूच होणार. बरोबर आहे. पण अनौचित्य म्हटलं की आधी औचित्य आलं. पट्टा कमरेलाच बांधायचा, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. म्हणून हशा झाला की विचारायचा प्रश्न हा : इथलं औचित्य कुणी ठरवलं?

पुण्यातल्या त्या खोलीत ‘आहे’ हे उचित आहे आणि ‘शे’ हा छातीवर बांधलेला कमरपट्टा आहे. हे त्या खोलीने कुणालाही न विचारता ठरवून टाकलंय. आणि आपला पोरगा पाच मिनिटं त्या निकालाखाली सही करून येतो. आमची तक्रार एवढीच आहे. पण ती लहान नाही.

कारण ‘शे’ म्हणजे बिघडलेलं ‘आहे’ नव्हे. ते गुजरातीतल्या ‘छे’च्या जवळचं, स्वतःच्या घराण्याचं क्रियापद आहे. ग्रिअर्सनने भारताच्या भाषिक पाहणीत, १९०७ च्या खंडात, खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांबरोबर वेगळं ठेवलं. त्याचं वर्गीकरण मानायचं की नाही, यावर वाद आहेत, ते बाजूला ठेवू. पण आजही जनगणनेत ‘खानदेशी’ मराठीपासून वेगळी मोजली जाते आणि २०११ च्या मोजणीत ती मातृभाषा म्हणून सांगणारे साडेअठरा लाखांच्या वर होते. एवढी माणसं ज्या भाषेत रडतात, भांडतात, शेताचा हिशेब करतात, ती भाषा मुळातच विनोदी कशी असेल?

यात आणखी एक गंमत आहे. रावेर-यावलकडच्या घरात अहिराणी नसते, लेवा गणबोली असते. जामनेरच्या बाजूला तावडी. पुण्यातल्या खोलीला हे बारकावे ठाऊक नसतात. तिला एकच खानदेश हवा असतो : शेवभाजी, केळी, पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि ‘शे’. मग रावेरचा पोरगा घरी कधी न बोललेली अहिराणी माइकवर बोलायला लागतो, कारण ती चालते. म्हणजे तो आपली बोलीसुद्धा विकत नाही, दुसऱ्याच्या बोलीची नक्कल आपली म्हणून विकतो. याला आम्ही कलेतला दोष म्हणतो. नीतीचा प्रश्न नंतर. आधी निरीक्षण खोटं आहे, म्हणून विनोद कच्चा आहे.

आता तुम्ही म्हणाल, सर, मग काय बोलीत विनोद करूच नये? नाही हो! अगदी उलटं. अशाच एका संध्याकाळी ऐकलेल्या दुसऱ्या पोराचं सांगतो. नाव सांगत नाही, तो अजून शिकतोय. धुळे जिल्ह्यातला होता. त्याने सुरुवातीला ‘शे’ उच्चारलाच नाही. त्याने सांगितलं, की कंपनीत त्यांना बोलण्याचं प्रशिक्षण दिलं. गावाकडचा हेल काढा, स्वच्छ बोला. आठवडाभर घोकून घेतलं. आठव्या दिवशी आईचा फोन आला. “जेवना का भाऊ?” हा सवयीने म्हणाला, “हो आई, मी जेवलो आहे.” पलीकडे शांतता. मग आईचा घाबरलेला आवाज : “काय व्हयनं रे भाऊ, तब्येत बरी शे ना तुन्ही?”

खोली कोसळली. आम्हीही हसलो. पण कशावर हसलो ते बघा. या विनोदात ‘शे’वर कुणी हसलेलं नाही. हसू आलं ते ‘मी जेवलो आहे’ या शुद्ध, व्याकरणात बसणाऱ्या, पुस्तकी वाक्यावर. आईच्या कानाला ते आजारपणासारखं वाटलं. तीन मिनिटांत त्या पोराने पुण्यातल्या खोलीतलं औचित्य उचलून धुळ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. प्रेक्षक आईच्या जागी जाऊन बसले आणि त्यांना स्वतःचंच ‘आहे’ परकं, ताठ, जरा हास्यास्पद वाटलं. याला आम्ही मोठा विनोद म्हणतो. पाच मिनिटांचा असला तरी मोठा.

आणि हाच विनोद धुळ्यात सांगितला तर? तिथेही चालेल. कदाचित जास्त चालेल, कारण तिथे प्रत्येक घरात पुण्याला गेलेला असा एक पोरगा आहे. म्हणून आम्ही या पोरांना एक साधी कसोटी सांगतो. तुमचा विनोद धुळ्याच्या किंवा जळगावच्या खोलीत, तुमची मावशी पहिल्या रांगेत बसलेली असताना, सांगून बघा. तिथे तो नुसता प्रश्नच उरला, ‘बस स्टँडले’ असं उत्तर आलं, तर समजा की विनोद तुमचा नव्हता, तो खोलीच्या पूर्वग्रहाचा होता. तुम्ही फक्त त्याला माइक धरून दिलात.

मराठवाड्याने ही परीक्षा फार पूर्वी दिली. डॉ. लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आठवा. एकटा माणूस, बावन्न पात्रं, मराठवाडी बोली. सुरुवातीला शहरी प्रेक्षक त्या बोलीला हसतो, हे खरं. पण वऱ्हाड निघतं तसतसा नजरेचा कोन बदलत जातो. विमान, परदेश, तिथले रीतिरिवाज हे सगळं त्या वऱ्हाडाच्या डोळ्यांनी दिसायला लागतं आणि विचित्र वाटायला लागतं ते लंडन. बोली ही तिथे हसण्याची वस्तू राहत नाही, बघण्याची खिडकी होते. पु. लं.ना ही अडचण नव्हती. चाळीची भाषा आणि प्रेक्षकाची भाषा जवळजवळ एकच होती. देशपांड्यांना आधी खोली जिंकावी लागली. आपल्या पोरांचं काम देशपांड्यांसारखं आहे, आणि वेळ मात्र पाचच मिनिटं.

आपल्या बाजूचंही एक उदाहरण आहे. मालेगाव जिल्ह्याने नाशिकचं, पण बोलीने-बाजाराने धुळ्याचा शेजारी. तिथे शेख नासीर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे तिथल्या सुपरमॅनवर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला. काडीसारखा बारीक यंत्रमाग कामगार सुपरमॅनचा झगा घालतो. वरवर बघता हसू त्या कामगाराचं आहे. पण जरा वेळ बघत राहिलात, की अमेरिकेचा तो पिळदार देवमाणूसच खोटा वाटायला लागतो आणि हा खोकणारा, घाम येणारा माणूस खरा. मालेगावने हॉलिवूडचं औचित्य मानलं नाही. स्वतःच्या गल्लीचं मानलं. म्हणून ते हसू टिकलं आणि दूरवर पोचलं.

आता इथवर टाळ्या मिळतात. खानदेशात बसून पुण्याला बोल लावला की टाळ्या मिळणारच. (हशा) पण विचार अर्धा सोडता येत नाही. आता खोली बदलू या. पुण्याचा पब सोडा, आपल्या जिल्ह्यातलं कॉलेजचं स्नेहसंमेलन घ्या, लग्नातली मित्रमंडळींची बैठक घ्या. तिथे कुणाची नक्कल होते? सातपुड्याच्या पायथ्याहून, धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या पावरा किंवा भिल्ल माणसाची. त्याचं मराठी, त्याचं बाजारात गोंधळणं, त्याचं ‘साहेब’ म्हणणं. आणि आपण पोट धरून हसतो. पुण्यातल्या खोलीत ‘शे’ अनुचित, तर आपल्या खोलीत पावरी अनुचित. आपण पुण्याकडून जे सोसतो ते आपल्याहून वर डोंगरात राहणाऱ्याकडे ढकलतो. ग्रिअर्सनने आपल्याला भिल्लींच्या शेजारी बसवलं, याचा आपल्यातल्या किती जणांना राग येतो, बघा. त्या रागातच सगळं आलं.

बर्गसाँने एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. चर्चमध्ये प्रवचन चाललंय, सगळे रडताहेत, एक जण कोरडा. त्याला विचारलं, तू का रडत नाहीस? तो म्हणाला, मी या गावच्या चर्चचा नाही. बर्गसाँ म्हणतो, रडण्यापेक्षा हसण्याला हे जास्त लागू आहे. हसू नेहमी कुठल्यातरी कळपाचं असतं. तेव्हा ओपन माइकच्या खोलीत जो एकटा हसत नसतो, त्याच्याकडे कलाकाराने बघावं. कदाचित त्याला विनोद कळला नसेल. कदाचित त्याला तो फार नीट कळला असेल.

म्हणून मावशीच्या कसोटीला आम्ही आणखी एक जोड देतो. पहिल्या रांगेत मावशी, आणि शेवटच्या रांगेत धडगावचा एक विद्यार्थी. दोघांनाही एकाच वेळी हसू येईल असं काही तुमच्याकडे आहे का? असेल तर तुम्ही कुणाचीही भीड ठेवू नका. पुढाऱ्याची ठेवू नका, आमच्यासारख्या म्हाताऱ्या प्राध्यापकांचीही नको. नसेल तर अजून लिहा.

बायकांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पबच्या त्या यादीत आपल्याकडच्या मुलीचं नाव आम्हाला अजून दिसलं नाही. पण खानदेशात हसवण्याचं काम बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलंय. आखाजीला गौराई बोळवताना दोन बाजूंच्या बाया एकमेकींना गाण्यांतून जे सुनावतात, ते ऐकलंय ना? भुलाबाईच्या गाण्यांत सासू-सासऱ्यांचा जो उद्धार होतो, तो कुठल्या कलाकाराला जमेल? बहिणाबाईंना आपण विद्यापीठाचं नाव दिलं, तत्त्वज्ञ म्हणून डोक्यावर घेतलं. पण आसोद्याच्या त्या निरक्षर बाईच्या ओव्यांत माणसाच्या लबाडीकडे बघणारी जी मिश्कील नजर आहे, तिच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. तिची गाणी पुस्तकरूपाने आली तीसुद्धा १९५२ साली, तिच्या निधनानंतर. बाईला हसवायची परवानगी आपण वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरतीच दिली, आणि तीही बायकांच्या घोळक्यात. उरलेल्या तीनशे दिवशी जी माइक घेईल, ती खऱ्या अर्थाने नवीन काही करेल.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. पोरं म्हणतात, सर, जळगाव-धुळ्यात पब कुठे आहेत? परमिट रूम आहेत, ढाबे आहेत. आम्ही म्हणतो, पबची गरजच नाही. आपल्याकडे कमी आहे ती पडायची जागा. गणपतीचं स्टेज आहे, पण तिथे प्रमुख पाहुणे असतात, शाल-श्रीफळ असतं, नगरसेवकाचा सत्कार असतो. तिथे कुणाला पडताच येत नाही, म्हणून कुणी शिकतही नाही. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांचे तुकडे पाठ करून म्हणतात आणि बक्षीस घेऊन जातात. अमळनेरला १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञानासाठी एक मंदिर उभारलं, आणि दूरदूरचे अभ्यासक तिथे येऊन राहिले. हसण्यासाठी इमारत लागत नाही. वाचनालयाचा एक हॉल, महिन्यातला एक मंगळवार, वीस खुर्च्या, एक माइक. पाहुणे नाहीत, सत्कार नाही, बक्षीस नाही. कुणी पडला तर पुढच्या मंगळवारी पुन्हा ये म्हणायचं. चहा आमच्याकडून. (टाळ्या)

संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि विदूषक, ब्राह्मण असूनही, प्राकृत बोलतो. पण राजाला त्याच्या तोंडावर खरं सांगण्याची मोकळीक साऱ्या दरबारात त्या प्राकृत बोलणाऱ्यालाच असते. आपल्या पोरांच्या तोंडी असं एक प्राकृत आहे. ते घेऊन दरबारात जायचं आणि दरबाराने त्याला हसावं म्हणून फेर धरायचा, की ते घेऊन राजाला चार शब्द ऐकवायचे, हे त्या पाच मिनिटांत ठरतं.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता प्रश्न घेऊ. अहिराणीत विचारलात तरी चालेल, आणि पावरीत विचारलात तर आम्ही समजून घ्यायचा प्रयत्न करू.